हरेशचा धाकटा सिलिंडर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी तिच्यापासून काही लपवत नाही असं ती सगळ्यांना सांगते, आणि एरवी ते खरंही आहे — लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं आहे तरी काय? डोंबिवलीतल्या दोन खोल्या, दुखरे गुडघे, आणि हे. पंधरा वर्षं सांभाळलं. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला झेपत नाहीत. थकलोय, एवढंच, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी पाणबुड्या होतो. समुद्रातला नव्हे हं, रंगीत मासे वगैरे काही नाही. कारखान्यांच्या टाक्या, नदीतून पाणी उचलायच्या विहिरी — त्यांच्या तळाशी उतरून गाळ काढायचा, जाळीत अडकलेला कचरा सोडवायचा. वागळे इस्टेटला आमच्या ठेकेदाराचं गोडाऊन होतं. पाठीवर हवेचा मोठा सिलिंडर असायचा आणि कुशीला पट्ट्याने बांधलेला एक छोटा. मोठ्याने दगा दिला तर वर येईपर्यंत पुरेल एवढी हवा त्या छोट्यात असते. त्याला आम्ही धाकटा म्हणायचो.

माझा जोडीदार हरेश, कोलशेतचा. बाप-आजा खाडीत मासे मारणारे. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. चालायच्या आधी पोहायला शिकलो असं तो सांगायचा, आणि त्याला पाण्यात बघितलं की ते खोटं वाटायचं नाही. आमच्या दोघांत एक रीत होती, त्यानेच घातलेली. आपला धाकटा आपण भरायचा नाही — त्याचा मी भरायचा, माझा त्याने. "सोताच्या बाबतीत मानूस आलशी असतो, दादा," म्हणायचा. भरून झाला की वर पांढरी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर 'भरला' लिहून सही करायची. धाकट्यावरचे काटे सदा अडकलेले, त्यामुळे काट्याकडे कोणी बघायचंच नाही. पट्टी बघायचो. सात वर्षांत धाकट्याची गरज एकदाही पडली नव्हती.

एका रविवारी माझा मेहुणा कल्याणहून मुलंबाळं घेऊन आला. तो बँकेत साहेब आणि मी गाळ काढणारा. सासरी माझ्या कामाचा विषय निघाला की कोणीतरी चहाचं विचारायचं. म्हणून शनिवारीच मी एक धाकटा घरी आणून ठेवलेला. हरेशचा आणला, कारण तो नवा होता, पिवळाधमक — माझ्याला पोचे पडलेले. गॅलरीत टब भरला, आणि नळी तोंडात धरून पोरांना पाण्यात डोकं घालायला लावलं. काय हसली पोरं! शेवटी मेहुण्यानेही चष्मा काढून डोकं घातलं. बाहेर येऊन म्हणाला, "मानलं बुवा तुम्हाला!" मला किती बरं वाटलं म्हणून सांगू? हवा ओढायला जड जायला लागली तेव्हा मी खेळ थांबवला.

सोमवारी वागळेला पोचलो तर वीज गेलेली, हवा भरायचा कॉम्प्रेसर बंद. शहाडजवळच्या विहिरीचं काम, गाडी उभी, ठेकेदार हॉर्न मारतोय. आता ऐका. माझा धाकटा भरलेला होता — हरेशनेच भरलेला. त्या दिवशी मी पाण्यात उतरणारसुद्धा नव्हतो, वर दोरी धरून बसायची पाळी माझी. माझा त्याला देता आला असता की नाही? पण मग त्याने विचारलं असतं, तुझा का? आणि मला तो टब सांगावा लागला असता. मी पट्टी लावली. 'भरला' लिहिलं. सही केली.

उतरण्याआधी हरेशने धाकट्यातून दोन श्वास घेऊन बघितले. तेवढी हवा होती. त्याने पट्टी बघितली आणि उतरला.

खाली जाळीच्या गजाला अडकून त्याच्या मोठ्या सिलिंडरची नळी फाटली. दोरीला झटके आले. मी ओढायला लागलो, पण दोरी गजात गुंतलेली. किती वेळ लागला — मला नाही सांगता येत. वर आला तेव्हा तोंड निळं पडलेलं आणि धाकट्याची नळी गळ्यात लोंबत होती. आम्ही छाती दाबली, पाणी काढलं, श्वास परत आला. ठेकेदार त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. सामान आवरायला मी मागे राहिलो.

इथपर्यंतचं एक वेळ आळशीपणात ढकलता येईल. पण मी रिक्षा केली, सामान घेऊन वागळेला आलो. वीज आलेली होती. मी हरेशचा धाकटा भरला. पूर्ण भरला. संध्याकाळी ठेकेदाराने येऊन स्वतः मीटर लावून बघितला आणि माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "घाबरला असेल."

हरेशला सगळं आठवत होतं. दोन-तीन श्वास आले आणि मग हवा बंद झाली, असं तो दोन दिवस सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी ठेकेदार त्याला म्हणाला, अरे, मी स्वतः तपासला, भरलेला होता. हरेश माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली — नुसती मान. "मंग मीच घाबरलू, दादा," म्हणाला.

त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही. होडी चुलतभावाला देऊन टाकली. आता कोलशेतलाच एका टॉवरच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. खाडी पाठीमागेच, पण तिकडे फिरकत नाही. कोणी विचारायच्या आधी स्वतःच हसत सांगतो की आपण पाण्याला भ्यालो. आणि दरवर्षी नारळी पौर्णिमेला नारळाच्या करंज्यांचा डबा घेऊन माझ्या घरी येतो. का? मी दोरी ओढून त्याचा जीव वाचवला म्हणून. बायको त्याला राखी बांधते. तुम्हाला वाटेल त्या करंज्या माझ्या घशाखाली उतरत नसतील. उतरतात. चांगल्या होतात त्यांच्याकडे.

यंदा तो मुलीला घेऊन आला. मयूरी, वीस वर्षांची. पुरात अडकलेल्यांना काढणाऱ्या पथकात तिची निवड झालीये, पाण्याखाली उतरायचं शिकवणार आहेत. हरेश नाही म्हणतोय. "आमचे रक्तानच भ्या हाय, दादा. तूच समजव तिला," म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.

ती माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "काका, तुम्ही होतात ना तिथे? बाबा खरंच घाबरलेले? की सिलिंडरमध्येच काही झालेलं? मला खरं सांगा, मी कोणाला बोलणार नाही."

पंधरा वर्षांत मला असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. आत नळ चालू होता. तिचे डोळे बापासारखे आहेत. एवढी सोपी संधी मला परत कोण देणार होतं?

"हो गं," मी म्हणालो. "घाबरलेला तो."

तिने मान खाली घातली. हरेश बाहेर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "नाही जात मी, बाबा." त्याने टॉवेल खुर्चीवर टाकला, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

"बरा झाला दादा," म्हणाला, "तू सांगलास."