फोल कुठं पडलं?

सन अठराशे एक्क्याण्णव, कार्तिक महिना. मला तेविसावं सरत होतं. शाळा मी दुसरीत सोडली. मास्तरनं हाकलला असं गावात म्हणायचे, ते खोटं, मीच सोडली. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघतील, पण वाऱ्याचं जे लिहितो त्यात निघायची नाही.

लोधिवलीहून दर्या दिसत नाही. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी तो जन्मात पाहिला नव्हता. पण पावसाळा सरला की रोज दुपारी तो आमच्या खळ्यावर यायचा. सकाळी वारा घाटावरून खाली उतरे, जेवणवेळेला पडे, आणि मग पश्चिमेकडून दर्याचा वारा सुटे तो दिवेलागणीपर्यंत. भात उफणायचं ते याच वाऱ्यावर. तीन पायांच्या लाकडी घोडीवर उभं राहून सुपातून भात सोडायचं. दाणा पायाशी पडे, फोल उडून घाटाच्या बाजूला. गावातली सगळी खळी त्याच अंगानं मांडलेली. दर्याचा वारा आला नाही तर सूप उपडं घालून घरी जायचं. घोडी फिरवायची नाही. का, ते कुणी सांगत नसे.

त्या दिवशी दुपार कलली तरी वारा घाटाकडूनच वाहत राहिला. वाढेना, पडेना, एकसारखा. घरातलं कुणी दार उघडं टाकून निघून गेल्यासारखा. ऊन तांबूस होतं आणि सूर्याभोवती कडं पडलं होतं. शेजारच्या खळ्यावरच्या म्हाताऱ्यानं सूप उपडं घातलं.

"चल रं घरी. आज दर्या दम आत घेतोय."

"घेऊ दे की. वारा तो वारा," मी म्हणालो, आणि घोडी फिरवली.

"बापाला नाय सुचलं ते ह्याला सुचलं!" म्हातारा बाकीच्यांना ओरडून म्हणाला. "बघा रं, उद्या नांगर पन बैलाच्या म्होरं बांधंल."

सगळे हसत गेले. मी एकट्यानं उफणत राहिलो. संध्याकाळपर्यंत गावातलं पहिलं भात माझं झालं. फोलाचा पिवळा ढीग उलट्या अंगाला, दर्याकडं पडला होता. त्याच्याकडं मला बघवेना. मी पाठ करून पोती भरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी जुंपून आपट्याला गेलो. आईचा भाऊ, माझा मामा, तिथं तांडेल होता. पाताळगंगेतून खाडी आणि खाडीतून दर्या, असा त्याचा शिडाचा पडाव भात घेऊन मुंबईला जाई. खाडीत बसून बाहेरचा दर्या कळत नाही, म्हणून तो वरून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला एकच विचारी, फोल कुठं पडलं? घाटाकडं म्हणाला तर दर्या ठीक. दर्याकडं म्हणाला, किंवा काल उफणलंच नाही म्हणाला, तर लांब पाण्यात काहीतरी वारा ओढून घेतंय. मग नांगर उचलायचा नाही. या एका प्रश्नावर तो म्हातारा झाला होता.

त्या दिवशी बंदरावर वरची गाडी माझी एकटीच. बाकी कुणी उफणलंच नव्हतं.

"एकलाच? गाव झोपलाय काय रं?"

"म्हातारी मानसं, मामा. दमली."

"आन् तू लय पैलवान. फोल कुठं पडलं?"

खरं सांगायचं तर घोडी फिरवली हे सांगावं लागलं असतं. मामाचं हसू साऱ्या बंदराला ऐकू जाई, आणि कालचं हसू अजून माझ्या कानात होतं.

"घाटाकडं," मी म्हणालो.

पोती चढली. ओहोटीची वेळ झाली, पण पाणी उतरेना. धक्क्याच्या दगडावर चिखल उघडा पडायला हवा होता, तिथं पाणी गप्प उभं होतं. खेकडे बाहेर येऊन कोरड्या भिंतीवर चढले होते, लहान-मोठे सगळे, हलत नव्हते. मामा त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याजवळ आला. आवाज हळू.

"भाच्या, पुन्यांदा इचारतो. मी हसनार नाय. फोल कुठं पडलं?"

तो हसणार नव्हता. तरी माझ्या तोंडून तेच गेलं. "घाटाकडं. किती येळा सांगू?"

"बरं बाबा. तू कशाला खोटं बोलशील."

शीड भरलं. वारा त्यांच्या पाठीशीच होता. मामा आणि दोन खलाशी. वळणाआड जाईपर्यंत मी बघत होतो. हाक मारली असती तर पोचली असती.

परतीच्या वाटेवर बैल सारखे मागं बघत. चौक गावाच्या अलीकडं डोक्यावरून पांढरे पक्षी गेले, बगळे नव्हेत, लांब पंखांचे, पुष्कळ. सगळे घाटाकडं चाललेले आणि एकाचाही आवाज नाही.

घरी पोचलो तेव्हा वारा थांबला. झाडाचं पान हलत नव्हतं. आई खळ्याच्या कडेला त्या उलट्या ढिगाकडं बघत उभी होती.

"भाऊ निघाला?"

"निघाला."

"त्यानं इचारलं आसंल."

"इचारलं."

"मंग?"

मी बैल सोडायला गेलो. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा आला. तो कसा आला ते मला लिहिता येत नाही. फोलाचा ढीग उठला आणि भिंतीसारखा घरावर आला, मागून पाऊस. आईनं ओठावरून जीभ फिरवली.

"खारट हाय," ती म्हणाली. पुढं ती माझ्याशी बोलली नाही.

मामाचा पडाव पुन्हा कुणाला दिसला नाही. फळीसुद्धा नाही.

सकाळी सगळं निवांत होतं. कुडावर चढलेल्या वालाची पानं भाजल्यासारखी काळी पडली होती. खळ्यात घोडी तशीच उभी, मी फिरवली होती त्या तोंडानं, आणि तिच्यावर त्या पांढऱ्यांतला एक पक्षी बसला होता. बोटांमध्ये कातडं होतं त्याच्या. मी हातभर अंतरावर गेलो तरी उडाला नाही, माझ्याकडं बघतही नव्हता. दर्याच्या बाजूला बघत होता.

मी घोडीला हात लावला नाही. चालत आपट्याला गेलो. मामी अंगणातला चिखल ओढत होती. तिनं मान वर केली, आणि तिनं काही विचारायच्या आत मी सांगितलं, "मामी, फोल दर्याकडं पडलं होतं."