टाचणीच्या मापाचा बर्फ

मास्तरांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. माप घेतल्याशिवाय त्यांनी कधी कापडाला कात्री लावली नाही, आणि हाताखालच्या कुणी लावली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेच मास्तर घरच्या कुत्रीच्या बाबतीत मात्र सपशेल चुकले.

कुत्रीचं नाव टाचणी. पिल्लू असताना तिचे दात तसेच टोचायचे, म्हणून मास्तरांच्या बायकोनं ठेवलेलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली. टाचणीही आता म्हातारी. परवा डॉक्टरांनी तिचे किडके नऊ दात काढले आणि तेव्हापासून तिनं अन्नाला तोंड लावलं नाही.

“थंड काहीतरी चाटवा,” डॉक्टर म्हणाले. “उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर इथे ठेवून सलाईन लावावं लागेल. या वयात ती परत घरी येईलच, असं मी सांगू शकत नाही.”

बायकोची जिवंत खूण घरात तेवढीच उरली होती.

त्यांनी कोंबडीचं बिनमिठाचं पाणी वाटीत गोठवलं. तो गोळा फरशीवरून घसरत कपाटाखाली गेला. मग ट्रेमध्ये चौकोनी खडे केले. त्यांचे कोपरे हिरड्यांना लागले, टाचणी कळवळली आणि पाठ करून बसली.

“बाबा, फ्रीजरमध्ये माझ्या मटारला जागा ठेवलीत ना?” सुनेनं विचारलं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेप गळ्यात अडकवली, टाचणीचा जबडा अलगद उघडला आणि माप घेतलं. पाऊण इंच, गोल, कोपरा नको. एवढंसं भांडं आणायचं कुठून? ते घरातच होतं. बायको काज-बटणं करायची. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची तिची अंगुस्तानं मशीनच्या खणात पडून होती. दोन वर्षं तो खण उघडायचा मास्तरांना धीर झाला नव्हता.

अकरा निघाली. डोळे भरून आले, पण रडत बसायला वेळ कुठे होता? अंगुस्तानं उकळली, उकडलेला भोपळा दह्यात कालवून त्यांत भरला, आणि लवंडू नयेत म्हणून वाडगाभर तांदळात उभी रोवून फ्रीजरमध्ये ठेवली.

चार वाजता पहिलं अंगुस्तान कोमट पाण्यात बुडवून त्यांनी तळहातावर पालथं केलं. टाचणीनं हुंगलं. जीभ लावली. मग तळहात चाटूनपुसून लख्ख केला आणि पंजा मास्तरांच्या गुडघ्यावर ठेवला. दुसरं गेलं, तिसरं गेलं, अकरावंही गेलं.

मास्तरांनी डॉक्टरांना फोन लावला. “सलाईन तुमच्याकडेच राहू द्या. आमच्या बाईसाहेबांना अकरा पुरली नाहीत.” त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

दारात उभी राहून सून डोळे पुसत होती. “बाबा, मटार मी आजच शिजवून टाकते. अख्खा फ्रीजर तुमचा.”

“अख्खा नको,” मास्तर टेप उचलत म्हणाले. “थांब, माप घेऊन सांगतो.”