खारीच्या शिवदासनानांचे सोर्स

खारीच्या शिवदासनानांचं अख्खं आयुष्य सोर्स लावण्यात गेलं. मिठागरं गेली, भातशेतीवर बिल्डिंगी आल्या, पण नानांची ओळखपाळख शाबूत. त्यामुळे नव्या बंगल्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवायला आलेल्या साहिलने "काका, सोर्स किती आहेत?" म्हणून विचारलं, तेव्हा नाना खुर्चीतच फुलले.

"वीजवाल्यांत साडू, पाणीवाल्यांत भाचा. बोल, तुझं काय अडलंय?"

"तसले नाही हो! गाणं कशावरून वाजवणार? टीव्ही, मोबाईल, लॅपटॉप..."

"मग तसं बोल ना, गाढवा!"

मशीन एकच, पण त्यातून खोलीखोलीत स्पीकर, मांडवातही दोन. टीव्हीची वायर मागे खोचली, मोबाईल ब्लूटूथने जोडला, की हवं ते हव्या त्या खोलीत वाजणार. नानांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. नातीची, कृतिकाची, हळद होती. आणि गावातल्या लग्नांत धवल्याची गाणी म्हणणारी त्यांची बायको सावित्री गुडघ्यांपायी वरच्या मजल्यावर अडकली होती. खुर्चीत बसवून उतरवतो म्हटलं, तर "मी काय गनपती हाय?" म्हणून उखडायची. आजीच्या धवल्याशिवाय हळद लावून घेणार न्हाय, असं कृतिकाने बजावलेलं. म्हणून हा सगळा खटाटोप.

साहिलने मोबाईलचाच माईक केला आणि सावित्रीबाईंच्या हातात दिला. खाली कृतिका पाटावर बसली. पहिली ओळ मांडवात घुमली आणि नानांनी मिशीवर हात फिरवला. पण सावित्रीबाईंच्या खोलीतला स्पीकर चालूच राहिला होता, आणि ब्लूटूथवरून आवाज जरा उशिरा येतो. आपलीच ओळ मागून ऐकू आली तशी बाई थांबल्या.

"कोन मेली माझी नक्कल करतेय? दात पारीन तिचं!"

मांडव, हॉल, स्वयंपाकघर, बाथरूम, सगळ्या घराने ऐकलं. व्याह्यांचा चहा शर्टावर सांडला. साहिलने धावत जाऊन मशीनवरून वरचा स्पीकर बंद केला, पण कृतिका हसत हसत उठलीच होती.

"आजी, थांब, मीच येतेय वर!"

तिच्यामागे हळदीची वाटी गेली, पाट गेला, झाडून साऱ्या बायका गेल्या. मांडवात उरले नुसते बाप्ये.

मोबाईल अजून चालूच होता. वर धवला सुरू झाला आणि खाली स्पीकरमधून येऊ लागला, घोगरा, ठसठशीत. हळदीत बाप्यांनी बाहेर जेवणाचा नि पिण्याचा बंदोबस्त बघायचा, ही रीत. एवढ्या वर्षांत नानांनी बायकोचा एकही धवला पुरता ऐकला नव्हता.

"च्यायला, एवढं गोड गाते ही!" नाना मोठ्याने बोलून गेले. व्याही बघायला लागले, पण नानांना भान नव्हतं.

"काका, बायका सगळ्या वरच आहेत," साहिल म्हणाला, "मांडवातलं बंद करू?"

"हात लाव, तंगडंच मोडतो तुझं."

नानांनी खुर्ची स्पीकरखाली ओढली आणि सगळ्यांदेखत रडत बसले.