डेंड्रोबियम फुलेपर्यंत

हमरापूरला आईनं उभा जन्म गणपतींच्या डोळ्यांची आखणी केली. साचे, घासकाम, रंग हे बाकीच्यांचं. डोळे फक्त तिचे. मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. एका हंगामात भावजयीनं कुंचला उचलला आणि आई घरच्या मूर्तींच्या कारखान्यात नुसती बसून राहू लागली. मी तिला रोह्याला माझ्या घरी आणलं.

"लेकीच्या घरी चार दिवसच बरं दिसतं," असं बजावून ती आली. कपडे कपाटात ठेवलेच नाहीत. पिशवी खुंटीला अडकवली, रोज त्यातून एक लुगडं काढायची आणि धुतलेलं परत त्यातच कोंबायची.

पडवीतल्या ग्रिलला माझी डेंड्रोबियमं, म्हणजे ऑर्किडं, टांगलेली असत. कोलाडच्या रस्त्यावरल्या नर्सरीतून एकेक करून आणलेली. नवरा कंपनीत शिफ्टला गेला की माझा वेळ त्यांच्यातच जायचा. आईच्या रिकाम्या हातांना काहीतरी हवं, म्हणून त्यातलं एक मी तिला दिलं.

तिनं ते शाडूसारखं सांभाळलं. अर्धवट मूर्तीला तडा जाऊ नये म्हणून ओलं फडकं गुंडाळतात, तसं तिनं कुंडीला गुंडाळलं. मुळं उघडी दिसतात म्हणून वरून माती थापली, आणि सवयीनं ती बोटानं गुळगुळीतही केली. व्हायचं तेच झालं. मुळं कुजली, पानं पिवळी पडून गळली. मला राग आला होता, पण तिचा चेहरा बघून तो गिळला.

"माझ्या हाताला येशच नाय आता," ती म्हणाली. ते मला लागलं.

मग मी तिला समजावलं. आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी फुलते, ती काय मातीत असते? हे तिच्याच भावकीतलं. याची मुळं हवेत मोकळी लागतात. सुकली की पांढरी दिसतात, पाणी प्यायली की हिरवी. पुन्हा पांढरी झाली कीच पाणी द्यायचं. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा कोळसा पुरे. ऊन मात्र हवंच, जाळीतून गाळून आलेलं. सावलीत नुसती पानं माजतात, फूल धरत नाही.

"मंजी उपाशी ठेवायचा नि उनात उभा करायचा," आई म्हणाली. "सासुरवासच की गो!"

त्या रोपाची एक बोडकी कांडी तेवढी उरली होती. अशा कांड्या मेल्यासारख्या दिसतात, लोक छाटून टाकतात. पण त्यांच्यात जीव असतो. आईनं ती काथ्यानं सोडणाला बांधली. गाठ मारताना डाव्या हातानं उजवा धरून ठेवला होता. पावसाळ्यात कांडीच्या पेराला पिल्लू फुटलं. त्याला मुळं आल्यावर तिनं ते वेगळ्या कुंडीत लावलं आणि जावयासमोर जाहीर केलं, "याला फूल आला की मी चालले हमरापूरला."

भाऊ न्यायला आला तेव्हा त्यालाही तेच ऐकवलं. "फुलू दे, मग येते."

दोन पावसाळे गेले. माझी बाकीची डेंड्रोबियमं जांभळ्या फुलांनी लगडली. आईचं रोप हिरवंगार, कांड्या जाडजूड, पण कळीचं नाव नाही. पाणी बेतानं, मुळं निरोगी. माझं डोकं चालेना. वाईट मात्र वाटत नव्हतं. ती जायला नको होती मला.

एकदा पेणला निघाले होते. एसटी चुकली, म्हणून परत फिरले. बघते तर आई पडवीत. तिनं आपली कुंडी ग्रिलवरून उतरवली, दोन्ही हातांनी सांभाळत नेली आणि पाण्याच्या पिंपामागे, भिंतीच्या सावलीत ठेवली. तिथली जमीन कुंडीच्या बुडाच्या मापानं गोल डागाळली होती. म्हणजे हे रोजचंच होतं. मी घरकामात गुंतले की कुंडी इथं यायची आणि मी पडवीत यायच्या आधी परत जागेवर जात असणार.

"आये, तिथं ऊन लागत नाय," मी म्हटलं. "अशानं फूल यायचं नाय."

ती दचकली नाही. पदरानं पानं पुसत राहिली.

"म्हाईत हाय मला."

मी आत गेले. खुंटीवरची पिशवी काढली आणि तिची लुगडी माझ्या कपाटात लावली.