डोळे मिटलेली माणसं

माझ्या फोटोंना विषय नव्हता. हे मला पुण्याहून आलेल्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी चारचौघांत सांगितलं. नगरच्या आमच्या फोटोग्राफी क्लबाने त्यांना एका रविवारी बोलावलं होतं. क्लब म्हणजे काय, तर दोन डॉक्टर, एक वकील, लग्नाचे फोटो काढून कंटाळलेले तिघे, आणि शाळेत चित्रकला शिकवणारी मी एकटी बाई. त्यांनी माझे साठेक फोटो पाच मिनिटांत चाळले आणि म्हणाले, बाजार आहे, शेळ्या आहेत, भांडणं आहेत, म्हातारे आहेत, सगळी भेळ आहे. एक विषय धरा, वर्षभर तोच धरा, स्वतःला नियम घाला आणि ते मोडू नका.

मी वही काढून लिहून घेतलं. वीस-बावीस वर्षं मुलांना शिस्त लावणारी बाई मी, नियम म्हटलं की मला हुरूप येतो.

आधी दारं धरली. दारं सगळेच काढतात. मग गंजलेली कुलुपं झाली. मग दोरीवरचं धुणं घेतलं, पण भिंगारमधल्या एका बाईने तिच्या धुण्यावरून मला असं काही सुनावलं की तो विषय मी तिथल्या तिथे वाळत घातला. शेवटी कोपरगावला मावशीकडे गेले असताना रस्त्याकडेला उसाची भरलेली ट्रॉली दिसली. तिच्या सावलीत ड्रायव्हर आडवा, तोंड उघडं, हातात अर्धं खाल्लेलं उसाचं कांडं. मी अगदी जवळ जाऊन चार फोटो काढले तरी त्याला पत्ता नव्हता. घरी येऊन ते फोटो पाहिले आणि ठरवलं, कामाच्या जागी भरदुपारी झोपलेली माणसं काढायची.

नियमही ठरवले. माणूस खरोखर झोपलेला हवा. कुणाला बसवून, सांगून, मांडून फोटो काढायचा नाही. फोटोखाली नाव घालायचं नाही, फक्त जागा आणि वेळ, तीही कॅमेऱ्यात नोंदली गेलेली, मिनिटाचा फरक न करता. पुण्याच्या सरांना फोनवर हे सांगितलं तर ते खूश झाले. आता तुमचं काम कामासारखं दिसेल, म्हणाले. झोपलेल्या माणसाची परवानगी घ्यायची कशी, हा प्रश्न त्यांनाही पडला नाही आणि मलाही. मुकी बिचारी कुणी हाका, त्यातली गत.

वर्षभर मी दुपारी शाळा सुटली की आणि रविवारी चर्च सुटलं की कॅमेरा गळ्यात अडकवून फिरले. बेलापूरच्या आठवडे बाजारात मेथीच्या जुड्यांना टेकून पेंगणारी म्हातारी मिळाली. दळण घेऊन आलेली गिऱ्हाइकं समोर उभी आणि गिरणीवाला पिठात बुडालेला, गाढ झोपेत, असाही एक मिळाला. भिंगारच्या बाजारात तर मला नाव पडलं, झोपेची बाई. चहावाला मला पाहिलं की मोठ्याने सांगायचा, बाई आल्या, डोळे उघडा रे. लोक हसायचे, मीही हसायचे. सुरुवातीला महिन्याला एखादा चांगला फोटो मिळायचा. दिवाळीनंतर मात्र भराभर मिळायला लागले. आपली नजर तयार झाली, असं मला वाटलं. वाटणारच, कौतुकाची सवय लवकर लागते.

शाळेच्या वाटेवर एका कापड व्यापाऱ्याचं गोडाऊन होतं. तिथले वॉचमन माझ्या चांगल्या ओळखीचे. साठी उलटलेली, आधी लष्कराच्या कॅम्पात कंत्राटावर बागकाम केलेलं, आणि नंतर इथे लागलेले. निळा गणवेश, छातीवर दोरीला शिट्टी. शाळा सुटायच्या वेळी टेम्पो बाहेर पडत असला तर शिट्टी मारून थांबवायचे आणि आमची पोरं आधी पलीकडे घालवायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही सगळ्या शिक्षिका त्यांना मामा म्हणायचो.

एका दुपारी मी कोपऱ्यावरून वळले तर मामा त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत झोपलेले. मान शटरला टेकलेली, शिट्टी पोटावर, एका पायातली चप्पल सुटून जमिनीवर पडलेली. उन्हाची तिरीप बरोबर त्या उघड्या तळव्यावर. मी श्वास रोखून सहा फोटो काढले आणि पाय न वाजवता निघून गेले. पुण्याच्या सरांना तोच फोटो सगळ्यांत जास्त आवडला. ती सुटलेली चप्पल पाहा, म्हणाले, हे कुणाला मांडून जमणार नाही.

क्लबाच्या प्रदर्शनात माझी चोवीस फोटोंची मालिका एका पूर्ण भिंतीवर लागली. हॉल, चहा, छपाई, सगळ्याचा खर्च कुणातरी मोठ्या माणसाला उचलावा लागतो. यंदा तो माणूस म्हणजे त्याच गोडाऊनचे मालक. दीपप्रज्वलन त्यांच्या हस्ते, शाल त्यांना, नारळ त्यांना. मला हे आधीपासून माहीत होतं. त्यांच्याच वॉचमनचा फोटो आपण त्यांच्याच समोर टांगतोय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. डोक्यात होती ती भिंत, आणि भिंतीवरचं माझं नाव.

मालक सज्जन वाटतात. हळू बोलतात, प्रत्येक फोटोसमोर थांबत होते. मामांच्या फोटोशी आल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि खालची पट्टी वाचली: गोडाऊनचं गेट, भिंगार, दुपारी ३.४०. हे आमचंच गेट ना, म्हणाले. मी म्हणाले, हो. मग त्यांनी विचारलं, ही वेळ बरोबर आहे का?

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने जरा विचार केला असता. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "सर, माझ्या एकाही फोटोत खोटं नाही. एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे केलेलं नाही." त्यांनी मान डोलावली, फार छान म्हणाले आणि खिशातून मोबाईल काढून त्या फोटोचा फोटो घेतला. मला वाटलं, आवडला.

आठवड्याने शाळेत जाताना गेटवर दुसराच माणूस दिसला, तरणा, उभा. खुर्ची नव्हती. मामा आजारी आहेत का, म्हणून विचारलं तर तो म्हणाला, त्यांना काढून टाकलं, ड्यूटीवर झोपले म्हणून. मालकांनी फोटो कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. शिवाय सगळ्या वॉचमनांच्या खुर्च्या उचलून नेल्या होत्या, बसायला मिळालं की माणूस झोपतो म्हणून. तो मला ओळखत नव्हता. कुण्या बाईने चोरून फोटो काढला, असं त्याने मलाच सांगितलं.

त्या दिवशी मी वर्गावर काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी मामांचं घर शोधत गेले. भिंगारच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे गुलाबाची चार रोपं, डब्यांत लावलेली. मामा रोपांपाशी उकिडवे बसले होते. मला पाहून उठले, आत हाक मारून पाणी सांगितलं. त्यांच्या बायकोने पाणी आणलं, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवून आत गेली. तिचं बरोबरच होतं. मी माफी मागायला लागले. मला कळायला हवं होतं, नाव नसलं तरी गेटवरून माणूस ओळखू येतो, वेळ तरी घालायला नको होती, असं मी भडाभडा बोलत सुटले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, फोटो काढला त्याचं काय न्हाई. पन मी झोपलो न्हवतो."

मला वाटलं, माणूस लाजेने बोलतोय. मी म्हणाले, मामा, अहो झोप कुणालाही लागते.

"न्हाई वो. तुमी कोपऱ्यावर दिसल्या. म्हनलं, बाई रोज हितनं जात्यात, समद्यांचे फोटो काढत्यात, आपला न्हाई काढला. झोपलेल्यांचेच काढत्यात म्हनून डोळे मिटले. चप्पल बी मीच काढली पायातनं. म्हनलं, जरा बरं दिसंल."

मामांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. बाजारात बरेच जण तसंच करत होते, म्हणाले, चहावाला ओरडायचाच ना, बाई आल्या. तो डोळे उघडा म्हणायचा, आणि ज्यांना फोटो हवा असायचा ते मिटायचे. तुमचं काम व्हावं, एवढंच. दिवाळीनंतरची माझी तयार नजर ती हीच. माणसं माझ्यावर मेहेरबानी करत होती, आणि मी त्यांना पकडल्याच्या आनंदात घरी जात होते.

मालकांनाही हे मामांनी सांगितलं होतं. मालक म्हणाले, बाई स्वतः सांगतात एकही फोटो खोटा नाही, मग खोटं कोण बोलतंय? मामांनी आणखी दोन दुकानांत कामाचं विचारलं, पण फोटो त्यांच्याआधी तिथे पोचला होता. बाजारभर त्यांना आता झोपाळू म्हणत होते.

"काम न्हाई दिलं तरी चालंल," मामा म्हणाले. "पन तुमी येकदा त्यांना सांगा, मी जागा हुतो म्हनून. तुमी मास्तरीनबाई हाय. तुमचं ऐकत्यात ते."

नक्की सांगते, असं म्हणून मी उठले. खरंच सांगणार होते.

पण त्याच सुमारास पुण्याहून सरांचा फोन आला. मालिका तिथल्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवडली गेली होती, चोवीसच्या चोवीस. फोटोंसोबत लावायच्या निवेदनात मला नियम लिहून द्यायचे होते. सरांनी बजावलं, तो मुद्दा ठळक येऊ दे, की यातलं काहीही मांडलेलं नाही. मी दोन दिवस ते निवेदन लिहीत बसले. मामा जागे होते म्हटलं, की गिरणीवालाही जागा असू शकतो, म्हातारीही. मग माझ्याकडे उरतं काय? कोपरगावचा तो ड्रायव्हर, एक फोटो. वर्षभराच्या पायपिटीचा एक फोटो. हा हिशेब मी अगदी शांत डोक्याने केला, हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर मला कुणी भाबडी म्हणायला नको.

तिसऱ्या दिवशी मालकांच्या दुकानात गेले. त्यांनी गादीवर बसवलं, चहा मागवला, पुण्याबद्दल अभिनंदन केलं. बातमी क्लबाच्या ग्रुपवर आली होती. मी विषय काढला. ग्रुपवर फोटो टाकायला नको होता, असं मी म्हणाले. ते हसून म्हणाले, "मॅडम, लोकांना दाखवायला तर तुम्हीच लावला ना?" मग मी म्हणाले, मामा म्हणतात ते झोपले नव्हते, माझ्यासाठी डोळे मिटून बसले होते.

मालकांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, मी अजूनही त्यांना वाईट म्हणत नाही. म्हाताऱ्याला परत घ्यायला आपली हरकत नाही, म्हणाले, चांगला माणूस आहे, पण ड्यूटीवर झोपला की नाही एवढं कळायला हवं. फोटो तुम्ही काढलात, तुम्ही सांगाल ते खरं.

"तो जागा होता?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

मला नक्की माहीत होतं. माणूस चप्पल कशी काढतो, का काढतो, सगळं माहीत होतं.

"कदाचित असेल," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. कदाचितवर कसं चालेल मॅडम, म्हणाले, आणि चहा गार होतोय याची आठवण करून दिली. मी कप उचलला आणि सगळा चहा प्यायले.