मागचा आवाज

शांततेसाठी माझ्या साडूंइतका गोंगाट करणारा माणूस पालघरपासून बोईसरपर्यंत दुसरा सापडणार नाही. "पंखा बंद करा! कुकर उतरवा! बांगड्या वाजवू नका!" असं ओरडत ते घरात शिरले, की समजावं, कोणाचा तरी व्हिडिओ निघणार आहे. बोईसरच्या एका कापड कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांची पाळी जाते. दिवसभर कानात बोळे घालून उभं राहिल्यामुळे असेल, पण बाहेर पडल्यावर त्यांना डासाची गुणगुणही खुपते. लोक मोबाइल घेताना कॅमेरा बघतात. हे दुकानात मोबाइल उलटा धरून माइकचं भोक कुठे आहे ते शोधतात.

आमच्याकडे पालघरला आले, की चहाच्या आधी माझा मोबाइल मागून घेतात. दात घासायचा एक जुना ब्रश त्यांच्या खिशात असतोच. त्याने मोबाइलचं बूड हलक्या हाताने घासत म्हणतात, "साडूबुवा, भोक बुजलंय. कव्हरही वर आलंय. मग आवाज पेटीतून आल्यासारखा येणार नाही तर काय?" पुढचा उपदेश मला पाठ आहे. माणूस लांबून दिसतो, पण लांबून नीट ऐकू येत नाही. म्हणून एक मोबाइल चित्रासाठी समोर ठेवायचा आणि दुसरा आवाजासाठी बोलणाऱ्याच्या खिशात. नंतर दोन्ही जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला एक सणसणीत टाळी. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी हे सगळं साग्रसंगीत केलं. केकमधून सुरी फिरल्याचंसुद्धा त्या व्हिडिओत ऐकू येतं, पण पंखे बंद, सगळ्यांची तोंडं बंद, त्यामुळे घामाघूम पाहुणे शोकसभेला जमल्यासारखे दिसतात.

चिंचणीच्या किनाऱ्यावर वाऱ्याने आवाज फाटतो म्हणून त्यांनी मोबाइलच्या बुडाला पायमोजा चढवला होता. "धुतलेला आहे," असं त्यांनी त्या व्हिडिओतही सांगून ठेवलंय. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, हौसेने पाककृतींचे व्हिडिओ करते. त्याचं निवेदन हे स्वतः कपाटात बसून, लटकलेल्या साड्यांच्या मध्ये करतात. "कपडे आवाज पितात हो, रिकामी भिंत तो परत फेकते." एकदा तिने नेसायची साडी घ्यायला कपाट उघडलं आणि आत अंधारात कोणीतरी "आता चवीपुरतं मीठ" म्हणालं. तिची किंकाळी फार स्वच्छ आली, असं ते अजून कौतुकाने सांगतात.

एवढं करूनही बोलणाऱ्याच्या पाठीमागे घरघर उरते. ती मोबाइलमधल्या ॲपने पुसून टाकायची, याला त्यांच्या भाषेत 'मागचा आवाज काढणे' म्हणतात. हे शब्द आम्ही इतक्यांदा ऐकले होते, की बाहेरच्या माणसाला त्यांचा दुसरा अर्थ लागू शकतो हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

आमच्या दोघांच्या बायकांची आत्या चिंचणीला राहते. तिच्या आळीत तिच्या गाण्याशिवाय कोणाला हळद लागली नाही. गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, पण आवाज पूर्वीसारखा राहील असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि नातीची हळद शस्त्रक्रियेनंतर होती. आळीतल्या सगळ्या पोरींना गाऊन झालं आणि स्वतःच्या नातीला कोण गाणार, एवढी एकच काळजी म्हातारीला लागली होती. साडूंना निरोप गेला.

ते दोन मोबाइल, दोन गोधड्या आणि बायकोला घेऊन आले, मीही गेलो. दारं-खिडक्यांवर गोधड्या लागल्या, फ्रिजची पिन निघाली, कोंबड्या मागच्या अंगणात हाकलल्या गेल्या. साडूंनी टाळी वाजवली तशी आत्या म्हणाली, "अजून गायली नाय मी, नि टाळ्या कसल्या?" मग गायली. आवाज चिरकत होता, वरच्या सुराला अडखळत होता. संपल्यावर साडूंनी हेडफोन लावून ऐकलं, कुठल्याशा पंपाची घरघर त्यांना बोचली आणि ते नेहमीच्या सवयीने पुटपुटले, "मागचा आवाज काढायला पाहिजे."

आत्याचा चेहरा पडला. पदर सारखा करत ती हळूच म्हणाली, "मागचा आवाज आता कुठून काढू, जावय? तो कवाच गेला. आता हाय तो असाच हाय."

मला वाटलं, आता हे अर्धा तास समजावून सांगणार. पण यांनी हेडफोन काढून ठेवला, तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आत्या, आहे तोच पाहिजे." तिने पुन्हा गायला सुरुवात केली. मध्येच अंगणात कोंबडी ओरडली, मेहुणी घाबरून यांच्याकडे बघायला लागली, पण यांनी गाणं थांबवलं नाही. माझ्या साडूंवर माझा जीव आहे, हे मला त्या दुपारी कळलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. आत्या बरी आहे, जेवते, भांडते, पण आता तिचं बोलणं कुजबुजीइतकंच येतं. हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकरवर ते गाणं लागलं आणि बायका नातीला हळद लावू लागल्या. आत्या खुर्चीवर बसून ऐकत होती. साडू माझ्या कानाशी लागले, "घरघर तशीच राहिलीय हो, नीट नाही आलं." इतक्यात आत्याने त्यांना खुणेने बोलावलं. तिचं ऐकायला आम्हा दोघांनाही पार वाकावं लागलं.

"जावय," ती कुजबुजली, "तवा बरा होता की रे माजा आवाज."

साडूंनी मान हलवली. मग जाऊन स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.