औषध लागलं

चाळिशी आली की माणसं चष्मा लावतात. सरस्वती बागवेंनी चष्मा लावला आणि खांद्याला दप्तरही अडकवलं. मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं क्षयाच्या पेशंटांचं रक्त तपासलेली, डोंबिवलीत स्वतःचं बिऱ्हाड असलेली, नावामागे डॉक्टर लावणारी बाई. आणि ती चालली कॉलेजच्या पोरांच्या बाकावर बसायला. काय शिकायला, तर माणसांशी बोलायला! मी ऐकलं तेव्हा हसलेच. आमच्या कोळीवाड्यात पोर जन्माला येतं तेच भांडत येतं, बोलायला काय शिकायचं?

पण तशी एक शिष्यवृत्ती निघालेली. नोकरीत मध्यावर आलेल्या संशोधकांसाठी. ज्याला रक्त-मांस कळतं त्याने दोन वर्षं माणसाचं मन आणि समाज शिकायचा, ज्याला समाज कळतो त्याने रक्त-मांस. पगार चालू राहणार, जागा राखून ठेवणार. संस्थेतले तिचे साहेब, डॉक्टर चांगदेव निमकर, यांनीच तिला पुढे ढकललं. क्षयाची माणसं औषध अर्ध्यावर का सोडतात हे नुसत्या रक्तावरून कळत नाही, दोन्ही जाणणारं कोणीतरी हवं, तूच जा, तुझं टेबल कुठे पळत नाही, असं बोलले. फार गोड बोलायचे म्हणे. जी कोळीण गोड बोलते तिची मासळी शिळी असते, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सरस्वतीबाई पडल्या कोकणातल्या सरळ माणसांतल्या. त्यांना वाटलं, साहेबांचा आपल्यावर जीव आहे.

अठ्ठ्याऐंशी साली त्या पहिल्यांदा आमच्या वाड्यात आल्या. मी मंजुळा, ठाण्याच्या खाडीकाठची. बालवाडीत शिकवायचे म्हणून त्यांनी सोबतीला मलाच धरलं. आमच्या घरी आई, आवडाबाई, आणि माझा धाकटा भाऊ सहदेव. सहदेव खाडीत होडी घालायचा, निवट्या आणि चिंबोऱ्या आणायचा. त्याला क्षय झालेला आणि त्याने गोळ्या सोडलेल्या. एकदा नाही, दोनदा. खोकला गेला की लग्न, असं आईने ठरवलेलं, आणि खोकला काही जात नव्हता.

सरस्वतीबाई आल्या की ओटीवर नुसत्या बसायच्या. विचारणं नाही, लिहिणं नाही. त्यांच्या नव्या मास्तरांनी सांगितलेलं, पहिले काही महिने फक्त ऐका. आई कोळंबी सोलायची, सरस्वतीबाई बाजूला बसून सोलायच्या, आणि अशा वाईट सोलायच्या की आई पुन्हा हात फिरवायची. वाड्यातल्या बायका म्हणायच्या, एवढी शिकली पण हिला कोळंबीचं डोकं काढता येत नाही. त्या स्वतःच हसायच्या. असं करत करत एक दिवस आई त्यांना "बाय" बोलली. आमच्यात बाय म्हणजे लेक, बहीण, आपली. परक्या बाईला कोणी बाय म्हणत नाही. मी त्यांना ते सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. पीएच.डी. मिळाली तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं, असं बोलल्या.

आणि ऐकता ऐकता त्यांना ते सापडलं. त्यांच्या संस्थेतली माणसं आधी वाड्यात येऊन गेलेली. औषध लागू पडलं का, असं विचारायची. आमची माणसं म्हणायची, "लागला." मग का सोडलं? "लागला म्हणून सोडला." त्यांनी अर्थ काढला की औषधाने बरं वाटलं म्हणून अडाण्यांनी सोडलं. निमकरसाहेबांनी त्यावर भाषणंसुद्धा दिलेली. एका दुपारी सहदेवबद्दल बोलताना आई सहज बोलली, "ऊन लागला, पानी लागला, तशी याला गोली लागली, बाय." सरस्वतीबाईंचा हात कोळंबीत तसाच राहिला. ऊन लागतं तसं? म्हणजे बाधली? आई बोलली, मग दुसरा काय? पोटात ढवळतं, अन्न नको होतं, डोळे पिवळट होतात. बाधेल आणि मारेल अशी गोळी कोण रोज गिळेल?

त्यांना कळलं ते असं. गोळ्यांनी काहींच्या यकृताला त्रास होतो हे त्यांना पुस्तकातून ठाऊकच होतं. पण आमची माणसं तेच सांगत होती आणि ऐकणारे उलटं ऐकत होते. रक्त कळणारी आणि बोलणं कळणारी एकच बाई त्या ओटीवर बसलेली म्हणून ते जुळलं. शिष्यवृत्ती ह्याच्यासाठीच होती ना? मला तर वाटतं, तिचे सगळे पैसे त्या एका दुपारी वसूल झाले.

मग त्यांनी सहदेवला पुन्हा गोळ्या घ्यायला तयार करायचं ठरवलं. तो ऐकेना. मेलो तर खोकल्याने मरेन, गोळीने कशाला मरू, म्हणायचा. तेव्हा त्या त्याच्यासमोर बसल्या आणि बोलल्या, "तुझ्या रक्तावर माझी नजर राहील, सहदेव. जरा कुठे वाईट दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद. हा माझा शब्द." आई आत चुलीशी होती. ती बाहेर आली आणि सहदेवला बोलली, बाय सांगते ना, घे. झालं. सहदेवने गोळी घेतली ती औषधावर विश्वास म्हणून नाही, तर ह्या बाईवर.

दर पंधरवड्याला सरस्वतीबाई त्याचं रक्त काढायच्या. आमच्याच मासळीच्या बर्फात बाटली ठेवून मुंबईला न्यायच्या. शिकत असेपर्यंत त्यांना स्वतःला प्रयोगशाळेत काम करता येत नव्हतं, तसा नियमच होता. बाटली निमकरसाहेबांकडे द्यायची, त्यांची माणसं तपासणार, असं ठरलेलं. नंतर त्या फोन करून विचारायच्या. साहेब सांगायचे, नॉर्मल. त्या येऊन आम्हाला सांगायच्या, रक्त चांगलं आहे. आई देवाला नारळ ठेवायची. सहदेवचा खोकला खरंच कमी झाला. आईने विठ्ठलवाडीजवळची एक मुलगी बघूनसुद्धा ठेवली.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात सहदेवचं जेवण तुटलं. वासानेच त्याला उलटी यायची. कोळ्याच्या पोराला मासळीचा वास नको झाला, आता बोला! तो सरस्वतीबाईंना बोलला, "ताई, मना परत लागलाय."

ह्या एका वाक्यासाठी त्यांनी दोन वर्षं घातलेली. हे वाक्य ऐकायला शिकली म्हणून त्या बाईचं कॉलेजात कौतुक झालेलं. आणि त्याच बोलल्या की नाही रे, कालच विचारलंय, नॉर्मल आहे, उपाशीपोटी घेत असशील. तिथे मी होते. मलाही ते पटलं. मुंबईच्या मोठ्या संस्थेतून आलेलं नॉर्मल आहे, आपल्या सहदेवच्या तोंडचं लागला काय घेऊन बसायचं?

त्याने आणखी काही दिवस गोळ्या घेतल्या. गुपचूप, मुकाट. शब्द दिलेला ना बाईने. मग एका सकाळी त्याचे डोळे हळदीसारखे झालेले. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जीव तोडून केलं, त्यांना मी कधी नाव ठेवणार नाही. पण यकृत कामातून गेलेलं. सहदेव गेला. सव्वीस वर्षांचा होता माझा भाऊ. त्याची होडी बरेच दिवस चिखलात तशीच उलटी पडून होती, आम्ही कोणी तिला हात लावला नाही.

तो दवाखान्यात होता तेव्हाच सरस्वतीबाई संस्थेत धावलेल्या. स्वतः फ्रीज उघडला. आत बाटल्या ओळीने उभ्या. त्यांच्याच अक्षरातलं नाव, आणि बुचांवरची चिकटपट्टी तशीच. एकही उघडलेली नाही. पहिल्या एक-दोन काय त्या तपासून टाकून दिलेल्या, बाकीच्यांना कोणी हात लावला नव्हता. आणि फोनवर दर वेळी नॉर्मल!

त्या तशाच निमकरांच्या खोलीत गेल्या. तो माणूस जागचा उठलाही नाही. बोलला, "अहो, तुमची ग्रँट शिकण्यासाठी होती, तपासण्यांसाठी नव्हती. त्यात आमच्या लॅबने का राबायचं?" मग नॉर्मल कशाच्या जोरावर सांगितलंत? तर म्हणे, "कळवण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे नॉर्मलच ना."

ह्याला म्हणतात केसाने गळा कापणं. मुडदा बसवला त्याचा! चोर घरात शिरतो तो निदान चोरासारखा शिरतो. ह्याने तिला स्वतः पाठवलं, शाबासकी देऊन पाठवलं, आणि तिच्या शब्दाचा आधार मागच्या मागे काढून घेतला.

एवढ्यावर भागलं नाही. दोन वर्षं संपवून त्या कामावर परत गेल्या तर टेबलावर दुसराच माणूस. गरज सरो, वैद्य मरो. प्रयोगशाळेतले म्हणाले, तुम्ही आता समाजशास्त्राच्या. समाजशास्त्रवाले म्हणाले, तुम्ही मुळात रक्ताच्या. आणि 'लागलं' ह्या शब्दाचा शोध निमकरांनी दिल्लीच्या परिषदेत स्वतःच्या नावाने मांडला. टाळ्या घेतल्या. त्या परिषदेला सरस्वतीबाई मागच्या रांगेत बसलेल्या. आमच्या वाड्याचा आकडा सांगताना निमकरांनी सहदेवला कुठे धरलं माहितेय? औषध सोडणाऱ्यांत. मेल्यावर गोळ्या बंद झाल्या ना, म्हणून. ज्याने दुसऱ्याच्या शब्दाखातर बाधलेली गोळी शेवटपर्यंत गिळली, तो औषध सोडणारा!

त्यांनी तक्रारी केल्या. चौकशी बसली, उठली, पुढे काही नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि ठाकुर्लीला एका लहानशा गाळ्यात रक्त-लघवी तपासायला सुरुवात केली. डॉक्टरेट झालेली बाई, स्वतः सुई टोचायची, स्वतः काचेवर बघायची, दुसऱ्या कोणाला हातच लावू द्यायची नाही. यजमान मदतनीस ठेव म्हणून मागे लागायचे. त्या ऐकायच्या नाहीत.

आमच्याकडे त्या सहदेवच्या बाराव्याला आलेल्या. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. निमकर खोटं बोलले, पण शब्द माझा होता, असं बोलल्या. आई भिंतीकडे तोंड करून बसलेली, ती वळली नाही. मी मात्र त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हा मला त्या आणि निमकर एकाच माळेचे मणी वाटलेले. फ्रीजचं त्यांनी रडत सांगितलेलं मला खरं वाटायला फार काळ लागला.

शहाण्णव साली आईला खोकला सुरू झाला. ताप, वजन उतरलं, तेच सगळं. आईने गोळीचं नाव काढू दिलं नाही. मरेन, पण घेणार नाही. मी शेवटी ठाकुर्लीचा गाळा शोधत गेले. सरस्वतीबाईंनी मला बघितलं आणि काही न विचारता पिशवी उचलली.

दारात त्यांना बघून आईने पदर तोंडावर घेतला, पण हाकललं नाही. त्यांनी रक्त काढलं, घेऊन गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. आईच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि बोलल्या, "आई, तुमचं यकृत चांगलं आहे. गोळी चालेल. मी स्वतः बघितलंय."

आई बोलली, "सादेवचा पन चांगला हाय, बोल्लीलीस."

सरस्वतीबाईंनी गोळ्या माझ्या हातात ठेवल्या आणि ओटीवर जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. गाळा बंद ठेवून, डोंबिवलीचं घर सोडून त्या रोज यायच्या, ओटीवर बसायच्या. आठवडा झाल्यावर आईने मला हाक मारली. तिच्या हातची नको, बोलली, तू दे.

अशी आमची व्यवस्था लागली. गोळी माझ्या हातून, रक्त त्यांच्या हातून. दर पंधरवड्याला सुई, दुसऱ्या दिवशी त्या स्वतः येऊन सांगणार, आणि आई प्रत्येक वेळी मला विचारणार की तिने डोळ्यांनी बघितलं का. मधे एकदा आई बोलली, मना जरा लागतंय. त्या क्षणी सरस्वतीबाईंनी गोळ्या बंद केल्या. रक्त बघितलं, काही नव्हतं. तरी चार दिवस बंदच ठेवल्या. आईने ते बघितलं.

आई पूर्ण बरी झाली. शेवटची गोळी घेतली त्या दिवशी सरस्वतीबाई ओटीवरच होत्या. आईने आतूनच मला सांगितलं, "त्या डाक्तरीनबाईंना सांग, गोल्या सपल्या. आता येयाची गरज नाय."

आमची ओटी आणि आतली खोली ह्यांच्यात एक भिंत, तीही अर्धी. सगळं ऐकू जातं, 'डाक्तरीनबाई'सुद्धा. मी बाहेर आले तेव्हा त्या पिशवी आवरत होत्या. आठ वर्षांपूर्वी बाय म्हटल्यावर ज्यांचे डोळे भरले होते, त्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या आई? मी सांगितलं, गोळ्या संपल्या म्हणाली. त्यांनी मान हलवली, चप्पल घातली आणि निघाल्या.